शॉक कोण देणार? नर्सिंगच्या पेपरातल्या एका प्रश्नाची गोष्ट

आजचा एपिसोड एका भांडणातून सुरू झालाय, म्हणून आधी भांडण सांगतो.

माझी मावसबहीण बीएससी नर्सिंग झालेली आहे. दिवसा ड्युटी, रात्री नॉरसेटचा अभ्यास. गेल्या रविवारी घरी आली ती मॉक टेस्टचा मोबाईल नाचवतच. "दादा, हे बघ आणि सांग माझं काय चुकलं."

प्रश्न असा. आयसीसीयूत हार्ट अटॅकचा पेशंट आहे. मॉनिटरवर अचानक वेड्यावाकड्या लाटा दिसायला लागतात, व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनसारख्या. नर्सनं सगळ्यात आधी काय करावं? अ, डॉक्टरांना कळवावं. ब, लगेच शॉक द्यावा. क, पेशंट प्रतिसाद देतोय का आणि नाडी लागतेय का ते बघावं. ड, लायडोकेनचं इंजेक्शन द्यावं.

तिनं 'अ' निवडलं. उत्तर 'क'. निगेटिव्ह मार्किंग, त्यामुळे जखमेवर मीठ.

"आमच्या वॉर्डात तर पहिल्या दिवसापासून एकच शिकवलंय, आधी सरांना कळव. मग पेपरात हे कुठून आलं?"

आता मी कोड लिहून पोट भरणारा माणूस. मला ईसीजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण "हे कुठून आलं" हा प्रश्न ऐकला की आपल्या पॉडकास्टचं इंजिन सुरू होतं. वाचत बसलो. आणि लक्षात आलं की त्या चारही पर्यायांना इतिहास आहे. चारही कधी ना कधी 'बरोबर उत्तर' मानले गेलेत. तिनं निवडलेलं 'अ' तर सगळ्यात जास्त वर्षं बरोबर होतं.

तर चला, १९५० च्या आसपासच्या अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात जाऊ.

हार्ट अटॅक आलेल्या माणसाचं तेव्हा काय करायचे? झोपवून ठेवायचे. चार-चार, सहा-सहा आठवडे. हलायचं नाही, बसायचं नाही, कित्येकदा स्वतःच्या हातानं जेवायचंही नाही. हृदयाला विश्रांती हवी, एवढंच तर्कशास्त्र. १९५२ मध्ये बॉस्टनमधल्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन या दोघांनी मांडलं की पेशंटला खुर्चीत बसवा, तर तेसुद्धा लोकांना भयंकर वाटलं. हा लाउन लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पेशंट ठेवायचे तेही साध्या वॉर्डात, जमलं तर शांत कोपऱ्यात. आणि शांत कोपरा हाच घातक होता. हार्ट अटॅकनंतरच्या पहिल्या काही तासांत, दिवसांत हृदयाची लय अचानक बिघडू शकते. रात्री अडीचला तसं झालं तर कोणाला कळणार? सकाळी सिस्टर राउंडला आल्या की कळायचं. हॉस्पिटलात पोचलेल्या अशा पेशंटपैकी साधारण तीस टक्के लोक तिथेच जायचे.

लय बिघडते म्हणजे काय? जे नर्सिंगवाले ऐकतायत त्यांनी अर्धा मिनिट सहन करा, बाकीच्यांसाठी सांगतो. गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोलपथक डोळ्यासमोर आणा. ताशा इशारा देतो आणि पन्नास ढोल एकत्र पडतात, म्हणून तो ठोका छातीत जाणवतो. आता समजा पन्नासच्या पन्नास जण आपापल्या तालात वाजवायला लागले. दमतायत सगळे, आवाजही आहे, पण ठोका गायब. व्ही-फिब म्हणजे हे. हृदयाचा प्रत्येक स्नायू थरथरतोय, पण रक्त पुढे ढकललं जात नाही. मेंदूला रक्त मिळालं नाही की साधारण चार मिनिटांनंतर नुकसान सुरू होतं.

आणि शॉक काय करतो? बऱ्याच लोकांना वाटतं की शॉक बंद हृदय सुरू करतो. उलट आहे. शॉक सगळ्या ढोलांना एका क्षणी गप्प करतो. मग ताशाला, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या पेसमेकरला, पुन्हा पहिला इशारा द्यायची संधी मिळते. म्हणूनच मॉनिटरवर सरळ रेषा असेल, म्हणजे असिस्टोल असेल, तर शॉक देत नाहीत. गप्प बसलेल्या पथकाला अजून काय गप्प करणार? सिनेमावाल्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. सरळ रेषा आणि लगेच "क्लिअर!" करून शॉक, हे बघून माझी बहीण हल्ली टीव्हीशी भांडते.

शॉकचं तंत्र एका रात्रीत आलेलं नाही. १९४७ मध्ये क्लीव्हलँडला क्लॉड बेक या सर्जननं १४ वर्षांच्या एका मुलाचं हृदय ऑपरेशन टेबलवर शॉक देऊन परत लयीत आणलं. पण त्यासाठी छाती उघडलेली असावी लागायची, विजेची पॅडल्स थेट हृदयाला लावायची. वॉर्डातल्या माणसाला याचा काय उपयोग? १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून शॉक देऊन दाखवला. आणि १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून तो पेपर आला ज्यानं सगळं बदललं.

इथे माझी कॉलर थोडी ताठ होते, कारण यातले विल्यम कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते. इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. वीज कंपन्यांचे लाइनमन शॉक लागून मरायचे, त्यामुळे त्या कंपन्यांच्या पैशातून हे संशोधन सुरू झालं होतं. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या गाय निकरबॉकर या तरुणाच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगात एक विचित्र गोष्ट लक्षात आली. शॉकची जड पॅडल्स छातीवर दाबून ठेवली की, वीज सोडायच्या आधीच, रक्तदाब थोडा वर जातो. नुसत्या वजनानं! मग मुद्दाम लयीत दाबून बघितलं. सर्जन जेम्स ज्यूड यांनी ते माणसांवर आणलं. जुलै १९६० च्या पेपरात २० पेशंट होते आणि त्यातले १४ वाचले होते. आज शाळेतल्या पोरांनाही शिकवतात ते सीपीआरचं छाती दाबणं ते हेच. तेव्हा मिनिटाला ६० वेळा दाबायचे. आता १०० ते १२०, आणि खोली पाच ते सहा सेंटीमीटर. हे आकडे पेपरात येतात.

म्हणजे १९६० साली सामान तयार होतं. ईसीजी सतत दाखवणारा मॉनिटर आहे. छाती दाबायची पद्धत आहे. बाहेरून शॉक देणारं मशीन आहे. मग माणसं का मरत होती?

कारण हे सगळं एका जागी नव्हतं. मशीन एका मजल्यावर, पेशंट दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टर कँटीनमध्ये नाहीतर घरी. १९६१ मध्ये ब्रिटनमधल्या डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरनं लॅन्सेटमध्ये सुचवलं की असे पेशंट एकाच विभागात ठेवा, मॉनिटर लावा आणि तिथल्या स्टाफला शिकवून ठेवा. मे १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बेथनी हॉस्पिटलमध्ये ह्यूज डे यांनी असं युनिट सुरू केलं. आपण ज्याला 'आयसीसीयूत ठेवलंय' म्हणतो, त्याचा हा आजोबा. नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते वाक्य आलं की पोटात गोळा येतो ना? साठ वर्षांपूर्वी ते वाक्यच नव्हतं.

आता खरी अडचण. खाटा एकत्र आणल्या, मॉनिटर लावले. मध्यरात्री लाटा वेड्यावाकड्या झाल्या. समोर कोण आहे?

नर्स.

डॉक्टरला फोन लावा, तो उठेल, कोट घालेल, जिना चढेल. तोपर्यंत चार मिनिटं संपलेली असतात. शॉकचं मशीन नर्सच्या हातापासून तीन फुटांवर. तिला दिसतंय काय चाललंय. मग तिनं शॉक द्यायचा की नाही?

आज हा प्रश्न बाळबोध वाटतो. तेव्हा तो स्फोटक होता. नर्सनं बघावं आणि सांगावं, निष्कर्ष काढू नये, ही भिंत जुनी आणि जाड होती. आपल्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की फक्त हातातला दिवा आठवतो. पण त्यांच्या नर्सिंगवरच्या प्रसिद्ध पुस्तकात, जे १८५९ च्या शेवटी आलं, पेशंटचं निरीक्षण कसं करावं यावर अख्खं प्रकरण आहे. डॉक्टरला 'बरं वाटतंय' असं मोघम नको, नेमकं काय खाल्लं, किती झोपला ते सांगा, असा त्यांचा रोख होता. डोळे उघडे ठेवायची शिकवण पक्की होती, मात्र निर्णय वरून यायचा. पुढे १८९३ मध्ये अमेरिकेत नर्सेससाठी जी शपथ तयार झाली आणि नाइटिंगेल यांच्या नावानं ओळखली गेली (त्यांनी ती लिहिलेली नाही बरं का), तिच्यात डॉक्टरला त्याच्या कामात निष्ठेनं मदत करण्याचं वचन होतं. आणि १९५५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशननं नर्सिंगची जी नमुना व्याख्या केली, तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं की निदान करणं आणि उपचार ठरवणं यात येत नाही.

हे कोणी बाहेरून लादलेलं वाक्य नव्हतं. नर्सेसच्या स्वतःच्या संघटनेची व्याख्या होती ती.

मग मॉनिटरवरच्या लाटा बघून "हे व्ही-फिब आहे" असं म्हणणं, हे निदान झालं ना? आणि शॉक देणं हा उपचार. म्हणजे त्या व्याख्येप्रमाणे माणूस वाचवणारी नर्स आपल्या हद्दीबाहेर गेलेली, आणि फोन हातात धरून वाट बघणारी हद्दीत. पर्याय 'अ' हा असा आलाय. तो घाबरटपणातून आलेला नाही, कायद्याच्या कागदातून आलाय.

ही भिंत पाडण्यात माझ्या मते ज्या नावाला पुरेसं श्रेय मिळत नाही ते म्हणजे रोझ पिनिओ. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर यांनी सरकारी मदतीनं एक संशोधन युनिट सुरू केलं, आणि त्याची नर्सिंगची बाजू पिनिओ यांच्याकडे होती. मेल्ट्झर यांचं म्हणणं साधं होतं. या युनिटचं मुख्य यंत्र मॉनिटर नाही, नर्स आहे. चोवीस तास पेशंटपाशी असणारी तीच एक व्यक्ती. तेव्हा तिला ईसीजी वाचायला शिकवा, शॉक द्यायला शिकवा आणि अधिकारही द्या. १९६५ मध्ये मेल्ट्झर, पिनिओ आणि त्यांचे सहकारी किचेल यांनी खास नर्सेससाठी कोरोनरी केअरचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर दोन डॉक्टरांच्या नावांबरोबर एका नर्सचं नाव. त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती.

काही ठिकाणी डॉक्टर कुरकुरले, काही ठिकाणी नर्सेसच घाबरल्या. घाबरणं बरोबरच होतं, चुकलं तर लायसन्स कोणाचं जाणार? पण चार मिनिटांपुढे कोणाचं काही चाललं नाही. पाहता पाहता जी गोष्ट नियमाबाहेर होती ती कोरोनरी युनिटमधल्या नर्सकडून अपेक्षित असलेलं काम झालं. हॉस्पिटलातले मृत्यू अशा युनिट्समध्ये बरेच कमी झाल्याचे अहवाल यायला लागले, काही ठिकाणी जवळपास निम्मे.

हा झाला पर्याय 'ब'. मग तोच बरोबर उत्तर का नाही?

कारण मॉनिटर खोटं बोलतो. मुद्दाम नाही, बिचारा. छातीवर चिकटवलेली लीड घामानं सुटली तर सरळ रेषा येते. पेशंट दात घासत असेल तर हाताच्या हालचालीनं अशा लाटा येतात की भलेभले फसतात, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया समजतात. थंडीनं कुडकुडणारा पेशंटही तसाच. म्हणजे नर्स धावत खाटेपाशी जाते, पॅडल्स हातात, आणि पेशंट विचारतो, "काय झालं सिस्टर?" शुद्धीत असलेल्या, नाडी लागणाऱ्या माणसाला असा शॉक दिला तर खेळ खल्लास होऊ शकतो.

का होऊ शकतो, त्यामागे परत तो बर्नार्ड लाउन आहे. १९६२ च्या सुमारास लाउन यांनी एसीऐवजी डीसी शॉकचं मशीन आणलं. झोल यांचं मशीन भिंतीतल्या एसी विजेवर चालणारं आणि जड. डीसीमध्ये कपॅसिटर भरून ठेवायचा आणि एका झटक्यात सोडायचा. लाउन यांना दिसलं की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक अगदी छोटा नाजूक क्षण असतो, ईसीजीतल्या टी लाटेच्या माथ्याच्या आसपास. शॉक नेमका तिथे पडला तर चांगलं चाललेलं हृदय व्ही-फिबमध्ये जाऊ शकतं. म्हणून त्यांनी मशीनला ईसीजी बघून, तो क्षण टाळून शॉक सोडायला लावलं. यालाच सिंक्रोनाइज्ड कार्डिओव्हर्जन म्हणतात.

माझी बहीण या ठिकाणी एकदम सरळ बसली. "म्हणजे नाडी असलेल्या व्हीटीला सिंक बटण दाबायचं आणि नाडी नसलेल्याला नाही, हे यामुळे?" हो! व्ही-फिबमध्ये मशीनला पकडायला नीट ठोकाच नसतो. सिंक चालू ठेवलं तर मशीन ठोक्याची वाट बघत बसेल आणि शॉक सुटणारच नाही. तिनं हे वाक्य चार वर्षं पाठ केलं होतं. कारण तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं, हे ती स्वतःच म्हणाली.

तर पर्याय 'क'. आधी पेशंट, मग मॉनिटर. हाक मारा, नाडी बघा, जास्तीत जास्त दहा सेकंद. आणि हे करताना मदतीला ओरडायचं नाही असं कोण म्हणतंय? बघणं आणि बोलावणं एकाच श्वासात होतं. पेपरात मात्र चारातलं एक निवडायचं असतं. "सगळ्यात आधी" या शब्दांना तिथे जीव असतो.

आता राहिला 'ड'. मला विचाराल तर या एपिसोडमधला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हा आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी विचार असा पुढे गेला. व्ही-फिब झाल्यावर शॉक देण्यापेक्षा ते होऊच न देणं चांगलं. मोठ्या बिघाडाआधी मॉनिटरवर अधूनमधून जादा ठोके दिसतात. ती धोक्याची घंटा समजू. जादा ठोके दिसले की लायडोकेन द्यायचं. डॉक्टरांच्या स्टँडिंग ऑर्डर तयार झाल्या. मिनिटाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त जादा ठोके आले की नर्सनं कोणाला न विचारता औषध सुरू करायचं. एका पिढीच्या नर्सेसनी हे नियम तोंडपाठ केले, परीक्षेत लिहिले, हजारो पेशंटवर वापरले. तर्क किती सुंदर बघा. धूर दिसला की पाणी मारा.

१९८८ पर्यंत वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा दिसलं की प्रत्येकाला आधीच लायडोकेन दिल्यानं व्ही-फिब कमी होतं, पण माणसं वाचत नाहीत. मग १९८९ मध्ये कॅस्ट नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. हार्ट अटॅकनंतर जादा ठोके असलेले पेशंट. एका गटाला ते ठोके दाबणारी गोळी, दुसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही ती औषधं. ठोके दबले, मस्त दबले. आणि औषध घेणाऱ्या गटातले मृत्यू दिखाऊ गोळीवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाले. चाचणीतली ती औषधं वेळेआधीच थांबवावी लागली.

धूर दाबला, पण आग वाढली. ग्राफ सुधारला आणि माणूस गेला. आमच्या धंद्यात डॅशबोर्ड हिरवा आणि सर्व्हर बंद असा प्रकार होतो, तेव्हा फार फार तर क्लायंटचा फोन येतो. इथे माणसं होती.

या सगळ्याचा परीक्षेशी संबंध कसा येतो? अमेरिकेत नर्सच्या लायसन्ससाठी राज्यांची सामायिक परीक्षा १९४४ पासून होती. ती विषयवार असायची. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, बालरोग, मानसिक आजार, म्हणजे डॉक्टरांच्या विभागांची नक्कल. दरम्यान १९७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं कायदा बदलला आणि नर्सच्या कामात 'निदान' हा शब्द आला. आजाराचं निदान नाही, आजारामुळे माणसाचं जे होतं त्याचं. १९७३ मध्ये सेंट लुईसला क्रिस्टीन गेबी आणि मेरी अ‍ॅन लॅव्हिन यांनी नर्सिंग डायग्नोसिसच्या वर्गीकरणाची पहिली परिषद घेतली. केअर प्लॅनच्या जर्नल लिहून ज्यांची बोटं दुखली आहेत त्यांनी या दोघींना आठवावं, हवं तर शिव्या द्याव्यात. आणि १९८२ मध्ये परीक्षेचं नाव एनक्लेक्स झालं, विषय गेले, आणि पेपर विचारांच्या टप्प्यांवर बेतला गेला. काय दिसतंय, त्याचा अर्थ काय, काय करणार, परिणाम झाला का.

१९९४ पासून ती परीक्षा कॉम्प्युटरवर आहे आणि प्रत्येकाचा पेपर वेगळा. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. तुमची पातळी पास रेषेच्या वर आहे की खाली याची मशीनला ९५ टक्के खात्री झाली की पेपर बंद. सध्या कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न. ८५ व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली की अख्खा परिवार देव पाण्यात ठेवतो, कारण पास झालेल्याचाही तिथे बंद होतो आणि नापास झालेल्याचाही. मला इंजिनिअर म्हणून हे गणित जाम आवडतं. एप्रिल २०२३ पासून त्यात एकाच पेशंटची गोष्ट सहा प्रश्नांत उलगडणाऱ्या केस स्टडीज आल्या, आणि 'लागू असतील ते सगळे निवडा' वाल्या प्रश्नांना अर्धे-मुर्धे मार्कही मिळायला लागले.

आपल्याकडे एम्सनं २०२० मध्ये नॉरसेट सुरू केली आणि तिथेही आता केसवर आधारलेले प्रश्न येतात. आपल्या आयसीसीयूतही नर्सच मॉनिटरसमोर असते. क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिलनं काढलाय. १९४७ चा नर्सिंग कौन्सिल कायदा जाऊन २०२३ मध्ये नवा कमिशनचा कायदा आला. म्हणजे कागद हलतायत.

पण वॉर्डात? बहिणीचा राग तिथेच होता. "पेपरात मी विचार करायचा आणि ड्युटीवर विचारायचं. एका नाइटला पस्तीस पेशंट आणि आम्ही दोघी. रेसिडेंटला फोन केला तर 'एवढ्यासाठी उठवलं?' आणि नाही केला तर सकाळी 'कळवलं का नाही?'" यावर माझ्याकडे उत्तर नाही. रोझ पिनिओ यांच्या युनिटमध्ये शिकवणारं माणूस होतं, पाठीशी उभा राहणारा डॉक्टर होता आणि मोजके पेशंट होते. त्यातली पहिली गोष्ट नुसत्या प्रश्नपत्रिकेतून येत नाही, बाकीच्या दोन तर नाहीच नाही. नर्सला निर्णय घ्यायला सांगायचं आणि निर्णय घेतल्यावर एकटं सोडायचं, हे मला १९५५ च्या व्याख्येपेक्षाही वाईट वाटतं. ती व्याख्या निदान प्रामाणिक होती.

असो. जाता जाता एक गोष्ट, कारण हिच्यावर परत भांडण झालं. तिच्या वहीत हार्ट अटॅकच्या पानावर लाल शाईत 'मोना' लिहिलं होतं. मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रोग्लिसरीन, अ‍ॅस्पिरिन. तुमच्यापैकी अर्ध्या जणांच्या वहीत असेल. मी विचारलं, ऑक्सिजन सगळ्यांनाच? ती म्हणाली, अर्थात, हृदयाला कमी पडतोय ना. तर्क सुंदर. २०१७ मध्ये स्वीडनमधून एका चाचणीचे निकाल आले. ६,६२९ पेशंट, सगळ्यांचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० किंवा त्याहून जास्त. निम्म्यांना ऑक्सिजन लावला, निम्म्यांना नाही. वर्षभरानंतर मृत्यूंमध्ये फरक नव्हता. आता मार्गदर्शक सूचनांमध्ये ऑक्सिजन सरसकट नाही, सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तर द्यायचा.

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग पुस्तक काढून आवृत्तीचं साल बघितलं, मग म्हणाली, "आणि पेपर काढणाऱ्यानं जुनं पुस्तक वापरलं असेल तर?"

मी म्हटलं, प्रश्नात सॅच्युरेशनचा आकडा दिलाय का ते आधी बघ. ९७ दिला असेल तर तो उगाच दिलेला नसतो.

तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे औषधांचे डोस आणि प्रोटोकॉल तुमच्या सरांकडून आणि चालू आवृत्तीतूनच घ्या. आणि तुमच्या वॉर्डात पहिला शॉक कोण देतं, डॉक्टर की सिस्टर, ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा, हॉस्पिटलचं नाव न घेता. पुढच्या भागात एक फूट लांबीचा थर्मामीटर, जो बघायला वीस मिनिटं लागायची. भेटू.